सहाव्या मिनिटाला थांबलेला खेळ

खेळाच्या हंगामाची अधिकृत नोंद फार अल्पाक्षरी असते. अमेरिकेतल्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगच्या २०२१च्या हंगामाची नोंद उघडली, तर तिथे एवढंच सापडतं : दहा संघ, प्रत्येकाचे चोवीस सामने, साखळीअखेर पहिलं स्थान पोर्टलंड थॉर्न्सचं, विजेतेपद वॉशिंग्टन स्पिरिटचं, सर्वाधिक गोल स्पिरिटच्या अ‍ॅशली हॅचचे, दहा. जरा बारकाईने पाहणाऱ्याला दोन निकाल विचित्र वाटतील. स्पिरिटचे दोन पराभव ३-० असे लागोपाठ नोंदलेले आहेत आणि ते सामने झालेलेच नाहीत. कोविडचे नियम मोडल्याबद्दल ते प्रतिस्पर्ध्यांना बहाल करण्यात आले. आणखी बारकाईने पाहिलं, तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारची जागा रिकामी दिसेल. त्या आठवड्यात कुणीच खेळलं नाही.

या नोंदीत एक गोष्ट मात्र कुठेच नाही. ६ ऑक्टोबर २०२१ या दिवशी तीन वेगवेगळ्या मैदानांवर तीन सामने सुरू झाले आणि तिन्ही ठिकाणी सहाव्या मिनिटाला खेळाडूंनी चेंडू सोडून दिला. दोन्ही संघांच्या मुली मध्यवर्ती वर्तुळाशी चालत आल्या आणि खांद्याला खांदा लावून, हातात हात गुंफून गोल करून उभ्या राहिल्या. राखीव खेळाडूही त्यांच्यात येऊन मिसळल्या. घोषणा नाहीत, भाषण नाही. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिनिटभराने मुली आपापल्या जागी परतल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. सहावं मिनिट का, तर आपली तक्रार कुणीतरी खरी मानावी म्हणून दोन खेळाडूंना सहा वर्षं वाट पाहावी लागली होती.

त्या सहा वर्षांत नेमकं काय झालं आणि मुख्य म्हणजे एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या नावाजलेल्या खेळाडू हाताशी असताना ते का होऊ शकलं, हे समजून घ्यायचं तर या लीगच्या जन्माच्याही मागे जावं लागतं.

अमेरिकेच्या महिला संघाने १९९९ साली मायदेशी विश्वचषक जिंकला. पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर नव्वद हजारांहून अधिक लोक तो अंतिम सामना पाहायला आले होते. त्या लाटेवर २००१मध्ये महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. तीन हंगामांत गुंतवणूकदारांचे सुमारे दहा कोटी डॉलर बुडाले आणि सप्टेंबर २००३मध्ये, पुढचा विश्वचषक अवघ्या पाच दिवसांवर आलेला असताना, लीग बंद झाल्याचं जाहीर झालं. २००९मध्ये दुसरी लीग आली. तीही तीन हंगाम चालली आणि २०१२मध्ये मिटली. त्यानंतर अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने पुढाकार घेऊन २०१३मध्ये तिसरा डाव मांडला, तीच ही लीग. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील गुलाटी हे अलाहाबादला जन्मलेले अर्थतज्ज्ञ, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे. मागच्या दोन्ही लीग खर्चाखाली दबून मेल्या, तेव्हा ही काटकसरीने चालवायची, असा त्यामागचा हिशेब होता. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार महासंघाने उचलले, उरलेल्यांचे क्लबांनी द्यायचे. पहिल्या हंगामात किमान पगार होता सहा हजार डॉलर. महिन्याचा नव्हे, हंगामाचा. कित्येक मुली गावातल्या एखाद्या हौशी कुटुंबाच्या घरी पाहुण्यासारख्या राहून व्यावसायिक फुटबॉल खेळत होत्या.

काटकसरीत वाईट काही नाही. पण या काटकसरीबरोबर एक समजूतही आली, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यात आहे. लीग दोनदा बुडाली आहे, तिसऱ्यांदा बुडाली तर पुन्हा कुणी उभी करणार नाही, तेव्हा जे आहे ते सांभाळा, असं प्रत्येक खेळाडूच्या मनावर ठसत गेलं. तिने ते मैत्रिणींकडून ऐकलं, क्लबच्या कचेरीत ऐकलं आणि पुढे स्वतःच स्वतःला सांगितलं. वाईट बातमी बाहेर फुटली तर प्रायोजक जातील, प्रायोजक गेले तर क्लब जाईल, क्लब गेला तर वीस-बावीस जणींची रोजी जाईल. अशा ठिकाणी तक्रार करणारी मुलगी अन्याय करणाऱ्याच्या विरोधात उभी असते, तशीच नकळत आपल्याच सहकाऱ्यांच्या पोटाच्याही विरोधात उभी केली जाते. एकत्र कुटुंबातल्या सुनेला घराण्याच्या अब्रूची शपथ घालून गप्प बसवण्याची रीत आपल्याला काही अपरिचित नाही. इथे घराण्याच्या जागी लीग होती, इतकंच.

त्यात रचना अशी की प्रशिक्षकाच्या हातात जवळजवळ सगळं एकवटलेलं. कुणाला खेळवायचं हे तो ठरवणार, आणि अनेक क्लबांत कुणाशी करार करायचा, कुणाला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं, हेही तोच ठरवणार. खेळाडूची संमती नसतानाही तिची अदलाबदल होऊ शकत होती. सकाळी सरावाला आलेल्या मुलीला दुपारी कळायचं, की आता दोन हजार किलोमीटरवरच्या शहरात जायचं आहे. करार संपला तरी खेळाडूचे हक्क क्लबकडेच राहत, आपण होऊन दुसरा संघ निवडण्याची सोय नव्हती. शिवाय राष्ट्रीय संघाची दारं क्लबच्या मैदानावरूनच उघडणार. थोडक्यात, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिशात पगार, घर, शहर आणि स्वप्न.

पॉल रायली हा या व्यवस्थेतला एक यशस्वी, वजनदार प्रशिक्षक. २०१४ आणि २०१५ हे दोन हंगाम तो पोर्टलंड थॉर्न्सचा प्रशिक्षक होता. पोर्टलंड म्हणजे या लीगची पंढरी, तेव्हा सर्वांत मोठी आणि निष्ठावान गर्दी तिथे जमत असे. सप्टेंबर २०१५मध्ये माना शिम या खेळाडूने क्लबकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार केली. तक्रार कुठे करायची हे शोधण्यातच तिचा बराच वेळ गेला होता, कारण छळाविरुद्धचं धोरणच लीगपाशी नव्हतं. संघातली तिची सहकारी अ‍ॅलेक्स मॉर्गन, जगभर ओळखली जाणारी खेळाडू, तिला यात मदत करत होती. क्लबने चौकशी केली आणि रायलीला दूर केलं. जाहीर करताना मात्र एवढंच म्हटलं, की त्याच्या कराराचं नूतनीकरण होणार नाही, आणि त्याच्या सेवेबद्दल आभार मानले. लीगलाही हे ठाऊक होतं. पाच-सहा महिन्यांत याच लीगमधल्या वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश या संघाने त्याला नेमलं. तो संघ २०१६मध्ये विजेता ठरला, पुढे नॉर्थ कॅरोलायनात जाऊन करेज या नावाने खेळू लागला आणि २०१८ व २०१९ अशी आणखी दोन विजेतेपदं रायलीच्या नावावर जमा झाली. जितका तो जिंकत गेला, तितकं त्याच्याविषयी बोलणं अवघड होत गेलं.

आभाराचं ते पत्रक मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद वाटतो. त्यात खोटं असं काही नाही. नूतनीकरण होणार नव्हतं, हे खरंच. पण वाचणाऱ्या पुढच्या मालकाला त्यातून कळायला हवं ते कळत नाही, आणि तशीच त्याची घडण होती. बदलीच्या हुकमावर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असा शेरा मारून माणूस एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पाठवण्याची आपल्याकडची पद्धत इथल्या वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही.

दुसरी खेळाडू सिनेड फॅरेली. रायलीशी तिचा संबंध त्याहून जुना, २०११मधल्या फिलाडेल्फियाच्या संघापासूनचा. पुढे पोर्टलंडलाही ती त्याच्याच हाताखाली आली. ती अत्यंत गुणी मधली फळी खेळणारी होती, पण पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच तिने खेळ सोडला. २०२१च्या एप्रिलमध्ये, दोनशेहून अधिक खेळाडूंनी मागणी लावून धरल्यावर, लीगने छळविरोधी धोरण पहिल्यांदा लागू केलं. ते वाचून फॅरेलीने लीगच्या आयुक्त लिसा बेअर्ड यांना पत्र लिहिलं आणि नव्याने चौकशीची विनंती केली. उत्तर आलं, की २०१५च्या तक्रारीची चौकशी तेव्हाच पूर्ण झालेली आहे.

इथे आपल्याकडचा एक संदर्भ टाळता येत नाही. कागदावर आपण अमेरिकेच्या या लीगपेक्षा पुष्कळ पुढे होतो. राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणातून १९९७ साली विशाखा निर्देश आले, २०१३मध्ये कायदा आला, तक्रार समिती सक्तीची झाली. तरी २०२३मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी तपासलं तर तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी निदान पंधरांकडे नियमानुसार समितीच नव्हती. त्याआधीच्या वर्षी, २०२२मध्ये, भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून युरोपच्या दौऱ्यातून परत पाठवून बडतर्फ करावं लागलं होतं. धोरण नसणं आणि धोरण कपाटात असणं, यांत मैदानावरच्या मुलीला जाणवेल असा फरक फारसा नसतो.

अमेरिकेतला २०२१चा हंगाम मे महिन्यात सुरू झाला, तो एका वेगळ्याच मागणीने गाजत होता. खेळाडूंची संघटना २०१७मध्ये स्थापन झाली होती, पण लीगशी सामूहिक करार अजून झाला नव्हता आणि त्याच्या वाटाघाटी चालू होत्या. किमान पगार आता बावीस हजार डॉलरवर आला होता. आपल्या रुपयांत मोजला तर सोळा लाख वाटतील, पण अमेरिकेतल्या शहरात त्यात घरभाडंही धड भागत नाही. जुलैमध्ये संघटनेने ‘जोडधंदे आता पुरे’ अशा अर्थाची मोहीम काढली. व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणवणाऱ्या मुली सरावानंतर शिकवण्या घेतात, कॉफीच्या दुकानात उभ्या राहतात, सामान पोहोचवतात, हे त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. मला ही मोहीम पुढच्या घटनांची खरी तालीम वाटते. गरिबीविषयी मोकळेपणाने बोलायला शिकलेली माणसं मग इतर गोष्टींविषयीही बोलू लागतात.

ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन स्पिरिटचा प्रशिक्षक रिची बर्क पदावरून बाजूला झाला, कारण दिलं गेलं प्रकृतीचं. दुसऱ्याच दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने माजी खेळाडूंच्या हवाल्याने त्याच्या शिवीगाळीचा वृत्तान्त छापला. महिनाअखेरीस रेसिंग लुईव्हिल या पहिलाच हंगाम खेळणाऱ्या संघाने आपला प्रशिक्षक क्रिस्टी हॉली याला काढलं. सकारण काढलं, असं सांगितलं, कारण सांगितलं नाही. सप्टेंबरअखेर बर्कला अधिकृतपणे काढण्यात आलं. आणि ३० सप्टेंबरला ‘दि अ‍ॅथलेटिक’मध्ये मेग लिनेहान यांचा सविस्तर वृत्तान्त आला, त्यात माना शिम आणि सिनेड फॅरेली स्वतःच्या नावानिशी बोलल्या होत्या. रायलीने बहुतेक आरोप नाकारले. करेजने त्याच दिवशी त्याला काढलं. त्याच दिवशी मॉर्गनने फॅरेलीचं ते पत्र आणि आयुक्तांचं उत्तर जगासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बेअर्ड यांचा राजीनामा आला.

आता प्रश्न होता, शनिवार-रविवारचे सामने खेळायचे का. लीगच्या जुन्या तर्काप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं : खेळायचं, हसायचं, तिकिटं विकायची. खेळाडूंनी संघटनेमार्फत सांगितलं, की आम्हाला थांबायचं आहे. पाचही सामने रद्द झाले. ज्या गोष्टीची भीती आठ वर्षं घातली गेली होती ती गोष्ट, म्हणजे लीग बंद पडणं, खेळाडूंनी स्वतःच्या हाताने करून दाखवली, चार दिवसांसाठी का होईना. आणि पुढच्या बुधवारी, ६ ऑक्टोबरला, त्या परत मैदानात उतरल्या तेव्हा सहाव्या मिनिटाचं ते वर्तुळ झालं. त्याच रात्री संघटनेने मागण्यांची यादी दिली. त्यात प्रत्येक प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मालक यांची चौकशी व्हावी, त्या चौकशीत खेळाडूंनाही स्थान असावं, आणि चौकशी चालू असेपर्यंत संबंधित माणूस पदावर नसावा, अशा गोष्टी होत्या. यादीत पगाराचा उल्लेखही नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

वॉशिंग्टनच्या मुलींची लढाई दुहेरी होती. त्यांच्या क्लबच्या मालकांतच फूट पडली होती. बहुमताचा कारभार स्टीव्ह बाल्डविन यांच्या हाती होता आणि मिशेल कांग या सहमालकीण क्लब विकत घ्यायला तयार होत्या. मुलींनी जाहीर पत्र काढून बाल्डविन यांना सांगितलं, की तुम्ही क्लब कांग यांना विका. नोकरांनी मालक निवडण्याची ही उदाहरणं इतिहासात फार नसावीत. पुढच्या वर्षी कांग यांनी सुमारे साडेतीन कोटी डॉलरना क्लब घेतलाही.

या धामधुमीत हा संघ खेळत कसा होता, याचं मला अजून नवल वाटतं. प्रशिक्षक गेलेला, मालक भांडणारे, दोन सामने न खेळता हरलेले, आणि तरीही प्रत्यक्ष मैदानावर त्या हंगामाच्या शेवटापर्यंत त्यांना कुणी हरवू शकलं नाही. साखळीत तिसरे आले. बाद फेरीत त्यांच्यासमोर पहिला आला तो रायलीचाच जुना संघ, करेज. जादा वेळेत हॅचने गोल केला. मग उपान्त्य फेरीत ओएल रेन. अंतिम सामना पोर्टलंडला ठरला होता, दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी तिथल्या वेळेनुसार सकाळी नऊ वाजता. खेळाडूंनी हरकत घेतली, म्हणून तो लुईव्हिलला हलवला गेला. वर्षभरापूर्वी अशी हरकत कुणी ऐकून घेतली असती असं वाटत नाही.

२० नोव्हेंबरच्या त्या सामन्यात शिकागो रेड स्टार्सने मध्यंतराच्या तोंडावर आघाडी घेतली. अँडी सुलिव्हनने पेनल्टीवर बरोबरी केली. जादा वेळेत, सत्त्याण्णवाव्या मिनिटाला, एकोणीस वर्षांच्या ट्रिनिटी रॉडमनने उजवीकडून चेंडू आत टाकला आणि मागच्या खांबाशी धावत आलेल्या केली ओ’हाराने तो डोक्याने आत लोटला. केलीचा हा हंगामातला पहिलाच गोल. ट्रिनिटी ही बास्केटबॉलमधल्या डेनिस रॉडमनची मुलगी. बापाशी आपलं नातं किती दुरावलेलं आहे, हे ती मोकळेपणाने सांगते. त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट नवोदित तीच ठरली. सामना २-१ असा संपला. पण तेव्हाही खेळ निव्वळ खेळ राहू शकला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री शिकागोचा प्रशिक्षक रोरी डेम्स याने राजीनामा दिला, आणि पाठोपाठ ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याच्याविरुद्धच्या अनेक वर्षांच्या तक्रारी छापल्या. करंडकासाठी आदल्या दिवशी मैदानाकडेला उभ्या असलेल्या माणसाची ही गत. तो हंगाम संपला तेव्हा दहापैकी निम्म्या क्लबांचे प्रशिक्षक गैरवर्तनाच्या तक्रारींच्या सावलीत गेलेले होते.

महासंघाने माजी प्रभारी महाधिवक्त्या सॅली येट्स यांच्याकडे चौकशी सोपवली. दोनशेहून अधिक मुलाखतींवर उभा असलेला त्यांचा अहवाल ऑक्टोबर २०२२मध्ये आला. चार वाईट माणसं निघाली, अशा थाटात तो लिहिलेला नाही. गैरवर्तन व्यवस्थेत मुरलेलं होतं, लीग, महासंघ आणि क्लब यांना अनेकदा कल्पना मिळाली होती, आणि मुलांच्या वयापासूनच शिवराळ प्रशिक्षणाला ‘कडक शिस्त’ मानण्याची सवय याच्या मुळाशी होती, असं तो सांगतो. २०१४च्या हंगामानंतर खेळाडूंनी निनावी पाहणीत रायलीविषयी लिहून ठेवलं होतं. म्हणजे शिमच्या तक्रारीच्याही एक वर्ष आधी. विचारलं गेलं होतं, सांगितलंही गेलं होतं, आणि ती कागदपत्रं जपूनही ठेवली होती. जानेवारी २०२३मध्ये रायली, डेम्स, बर्क आणि हॉली यांच्यावर लीगने आजन्म बंदी घातली. शिकागोला पंधरा लाख आणि पोर्टलंडला दहा लाख डॉलरचा दंड झाला. दोन्ही क्लब पुढे विकले गेले. २०२५मध्ये खेळाडूंसाठी पन्नास लाख डॉलरचा निधी ठेवण्याचं लीगने मान्य केलं.

पहिला सामूहिक करार ३१ जानेवारी २०२२ला झाला. किमान पगार पस्तीस हजार डॉलर, ठराविक वर्षं खेळल्यावर आपला क्लब निवडण्याची मुभा, मानसिक आरोग्यासाठी रजा. २०२४च्या करारात तर नवोदित खेळाडूंचं वाटप करणारी ‘ड्राफ्ट’ पद्धतच मोडीत निघाली आणि संमतीवाचून होणारी अदलाबदल थांबली. मला या कलमांचं मोल आजन्म बंदीपेक्षा जास्त वाटतं. बंदीने चार माणसं जातात, पण जिला संघ सोडून जाता येतं तिच्याशी बोलताना पाचवा माणूस जपून बोलतो.

आणि लीग बुडाली का? २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या एंजल सिटी या क्लबचं बहुसंख्य मालकी हक्कांचं हस्तांतर झालं, तेव्हा त्याची किंमत पंचवीस कोटी डॉलर धरली गेली. ज्या बातमीने प्रायोजक पळतील म्हणून तोंडं बंद ठेवली होती, ती बातमी फुटल्यावर तीनच वर्षांत हे घडलं. अर्थात त्यामागे इतरही कारणं आहेत. महिला फुटबॉलला जगभर प्रेक्षक वाढतो आहे, दूरचित्रवाणीचे करार मोठे झाले आहेत. बोलल्यामुळे लीग श्रीमंत झाली असं मी म्हणणार नाही. बोलल्यामुळे ती गरीब झाली नाही, एवढं मात्र आता हिशेबाने दाखवता येतं.

माना शिम पुढे महासंघाच्या खेळाडू-सुरक्षा कृतिदलाची अध्यक्ष झाली. सिनेड फॅरेलीने २०२३मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, गॉथमशी करार केला आणि सात-आठ वर्षांनी पुन्हा बूट बांधले. वडील आयरिश असल्याने तिला आयर्लंडकडून खेळता येत होतं. आयर्लंडसाठी तिचा पहिला सामना त्याच एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला झाला, समोर अमेरिकेचा संघ होता. जुलैमध्ये विश्वचषकाच्या सलामीला सिडनीत पंचाहत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ती आयर्लंडच्या पहिल्या अकरांत होती. ऑस्ट्रेलियाने तो सामना एका पेनल्टीवर १-० असा जिंकला.